तिसऱ्यांदा तीच मांडणी

पंचबाई चालल्या तर बुटांचा आवाज होत नसे. बुद्धिबळाच्या स्पर्धांत सव्वीस वर्षं पंच म्हणून उभं राहायचं, तर तळवे मऊ रबराचेच हवेत. स्पर्धेच्या दिवसांत त्या कुणाबरोबर जेवत नसत. एखाद्या खेळाडूशेजारी बसल्या की लगेच कुणीतरी म्हणणार, ‘बघा, सलगी आहे!’ म्हणून भिंतीकडे तोंड करून एकटीचं ताट. पुढे पुढे स्पर्धा नसतानाही तसंच व्हायला लागलं, कारण जेवायला बोलावणारं कुणी उरलं नाही.

आठ वर्षांपूर्वी त्यांची भाची एका मोठ्या स्पर्धेत जिंकत आली होती. तेवढ्यात तिच्या पिशवीत फोन वाजला. नियमाने डाव गेला, आणि तसं जाहीर करणाऱ्या आत्याबाईच होत्या.

“अगं, आत्या आहेस की वैरीण?” वहिनी म्हणाली. “फोन कुठला आलाय, अलार्म होता तो!”

“वाजला ना?” एवढंच पंचबाई बोलल्या. भाचीने खेळ सोडला, आत्यालाही सोडलं. दादाचा फोन येई, पण घरात नळ फुटला की प्लंबरचा नंबर विचारायला.

तर यंदाच्या स्पर्धेची शेवटची फेरी. पहिल्या पटावर लाल स्वेटरवाली एक मुलगी आणि समोर शाळामास्तर. मास्तर जिंकले तर किताब त्यांचा, बरोबरी झाली तर मुलीचा. मास्तर वीस वर्षं या एका किताबामागे होते. डावही त्यांच्या बाजूचा होता, फक्त घड्याळात वेळ उरला नव्हता. चाळीस खेळ्या झाल्या की जादा वेळ मिळतो. तिथवर पोचायला ते घोडा नुसता पुढेमागे करत होते. मुलगीही हत्ती एक घर बाजूला नेऊन परत आणत होती.

अचानक मुलीने हात वर केला. “मॅडम, तिसऱ्यांदा तीच मांडणी आलीय. नियमाने मला बरोबरी हवीय.”

पंचबाईंनी घड्याळ थांबवलं आणि शेजारच्या पटावर सगळ्या खेळ्या पुन्हा मांडून पाहिल्या. मुलगी पेनाचं टोपण चावत होती. भाचीही अशीच चावायची. पंचबाईंची नजर दोनदा तिकडे गेली. एकदा, दोनदा, तीनदा: सोंगट्या त्याच घरांत.

“बरोबर आहे. बरोबरी.”

मास्तरांनी तोंड उघडलं, मिटलं आणि सही केली.

बक्षिसं वाटून झाली, हॉल रिकामा झाला. पंचबाई सोंगट्या डब्यात भरत होत्या. मुलीचा तो हत्ती हातात आला आणि त्यांनी मनातल्या मनात खेळ्या पुन्हा मोजल्या. मांडणी पहिल्यांदा आली तेव्हा हा हत्ती जागचा हललाच नव्हता! म्हणजे तेव्हा राजाला त्याच्या बाजूने कॅसलिंग, राजा-हत्तीची ती जोडखेळी, करता येत होतं. हत्ती एकदा हलून परत आला की तो हक्क जातो, आणि सोंगट्या त्याच असल्या तरी नियमाच्या लेखी मांडणी निराळी ठरते. तिसरी वेळ आलीच नव्हती.

त्यांनी आयोजकांना गाठलं. ते पाट्या उतरवत होते.

“बाई, सह्या झाल्यात. आता ब्रह्मदेव आला तरी निकाल बदलत नाही,” ते म्हणाले. “पुढच्या महिन्यातल्या सामन्याला मुख्य पंच म्हणून तुमचं नाव चाललंय. कशाला आपल्याच पायावर धोंडा मारून घेता? कुणाला कळलंय?”

“मला कळलंय.”

एवढं बोलायला त्यांना जड गेलं नाही. जड गेलं ते मनात आलेलं: गप्प बसले, तर त्या दिवशी भाचीला मी नुसतं छळलं, असा त्याचा अर्थ होईल.

मास्तर बाहेर बसथांब्याच्या बाकावर होते. पंचबाईंनी उभ्याउभ्याच सगळं सांगितलं.

“माहितीय,” मास्तर म्हणाले. “पहिली वेळ धरायची नाही, हे मोजूनच तर मी घोडा नाचवत होतो.”

“मग बोलला का नाहीत? हरकत घ्यायची होती!”

“तुम्ही बरोबर म्हणालात ना. मला वाटलं, मग माझंच काहीतरी चुकलं असणार. पंचबाई कुठे चुकतात?”

मास्तरांनी बिस्किटांचा पुडा पुढे केला. “घ्या. बसा की जरा. बसला अजून दहा मिनिटं आहेत.”

पंचबाईंचा हात निम्म्यात थांबला. “अहवाल द्यायचाय अजून.”

“मग काय झालं?”

“तो देईपर्यंत स्पर्धा चालूच असते.”

“धन्य आहे तुमची,” मास्तर हसले. हसू खरं होतं, त्यात राग नव्हता. राग असता तर पंचबाईंना सोपं गेलं असतं.

त्या आत गेल्या. अहवालात ‘नियमभंग करणाऱ्याचे नाव’ असा एक रकाना असतो. भाचीचं नाव त्यांनी तिथेच लिहिलं होतं. आज त्याच सुबक अक्षरात स्वतःचं लिहिलं, खाली खेळ्यांचे क्रमांक दिले, तारीख टाकली आणि कागद आयोजकांच्या हातात ठेवला. आयोजकांनी मान हलवली आणि ते पाट्यांकडे वळले.

पंचबाई भरभर बाहेर आल्या. बाक रिकामा होता. त्या तिथे बसल्या, बुटांच्या नाड्या सैल केल्या आणि पुढच्या बसची वाट बघू लागल्या.