द्राक्षांना गुंडाळलेला अंक

माझी आत्या पलूसची, निवृत्त शिक्षिका. गावातल्या बायांना लिहितं करून ती दरवर्षी एक दिवाळी अंक काढायची. प्रुफं तपासायला मी सांगलीच्या छापखान्यात जायचो. शाईचा तो वास मला फार आवडायचा. न खपलेले गठ्ठे पुढं कुठं जातात, हे मी कधी विचारलं नाही.

एका हिवाळ्यात ते आम्हाला दिसलंच. शेजारच्या बागेत द्राक्षांना ऊन लागू नये म्हणून बाया घडांना रद्दीचे कागद गुंडाळत होत्या. कागद आमच्या अंकाचे होते. आत्या वेलींखाली वाकून एकेक घड वाचत सुटली. त्या वर्षीचा अंक नेमका झाडांवर होता.

"झाडं तोडून कागद केला, त्यावर मी 'झाडं तोडू नका' लिवलं, आन् कुणी न वाचताच त्यो हितं आला," ती म्हणाली. मी हसलो. तिचे डोळे भरलेत हे मला उशिरा दिसलं, आणि माझीच लाज वाटली.

पुढचा अंक फोनवरच काढायचं तिनं ठरवलं. हातात धरता येत नाही तो कसला अंक, असं मी तिला तोंडावर म्हणालो. तिनं ऐकलं नाही. सत्तरीत ती पडद्यावर पानं लावायला शिकली. कागद नाही, शाई नाही, गठ्ठे वाहणारा टेम्पो नाही. फोन तर घरोघरी होतेच. धास्ती एकच, की हाही कुणी वाचला नाही तर? दिवाळीत अंक सगळ्यांना पाठवला आणि पुढं कितीतरी दिवस कुणी चकार शब्द काढला नाही. आत्या जेवतानाही फोन उघडून बघायची. हा तिचा शेवटचा अंक, असं मी धरूनच चाललो होतो.

पुन्हा घडांना कागद लावायचे दिवस आले. आम्ही बांधावरून जात होतो, तर बागेतून आत्याच्याच लेखातली वाक्यं कानावर आली. एक बाई फोनवरून मोठ्यानं वाचत होती आणि बाकीच्या तिच्या वाट्याची वेलींची ओळ उरकत होत्या. मग फोन दुसरीकडे गेला. ऐकता ऐकता बाया खदखदून हसल्या. आत्यानं माझा हात घट्ट धरला.

बागवाला आत्याचाच जुना विद्यार्थी. तो कुरकुरतच पुढं आला.

"आवं बाई, औंदा तुमची रद्दी न्हाई व्हय?"

"न्हाई रं," आत्या म्हणाली, "औंदा अंक वाचत्यात."