जुन्या सर्व्हरवर राहिलेला नियम

सुकटीचा वास आला की चंद्रपूरच्या रेशन कचेरीतली ती थंडगार कॉम्प्युटरची खोली आठवते. रद्द झालेल्या रेशनकार्डाची तक्रार घेऊन नदीकाठची एक मासेमार बाई सुकटीच्या टोपलीसह माझ्यासोबत तिथं आली होती. ही माणसं उन्हाळाभर दूर डेरा टाकतात, रेशन उचलत नाहीत. तरी कार्ड रद्द होऊ नये म्हणून जुन्या सर्व्हरवर खास प्रोसिजर, म्हणजे आपोआप चालणारा नियम, लिहिलेली होती. नव्या सर्व्हरवर नावं नेली, प्रोसिजर नेलीच नाही! बाईचं कार्ड रद्द. "डेटा तं पुरा आला, बाई," ऑपरेटर म्हणाला. "आमाले आनलं, मंग आमचा नियम काऊन सोडला, भाऊ?" तिनं विचारलं. त्यानं तक्रार वहीत लिहून घेतली. प्रोसिजर पुन्हा लिहायला पावसाळा उजाडला. तोवर बाई दारोदार सुकट देऊन तांदूळ मागत फिरली. आजही सुकट माझ्या घशाखाली उतरत नाही.