सोडलं की थांबते

गाडी घ्यायचीच, हे बाबांनी ठरवलं होतं. घेऊ द्यायची नाही, हे मी. अर्धांगाच्या झटक्यानंतर त्यांचा डावा पाय ओढत चालतो. आम्ही कात्रपला राहतो आणि आत्या, म्हणजे त्यांची मोठी बहीण, जवळच कुळगावला अंथरुणाला खिळलेली. पूर्वी ते रोज दुपारी पायी जाऊन तिला पेपर वाचून दाखवायचे. आता मला सुट्टी असेल तेव्हाच मी त्यांना रिक्षाने नेते. एकदा भावाची वाट बघत आत्या दिवसभर जेवलीच नाही. ते कळल्यापासून बाबांनी बॅटरीवरच्या स्कूटरचा धोशा लावला.

शेवटी एका रविवारी उल्हासनगरला गेलो. दुकानदार सिंधी, तोंडाने गोड. चार चाकांची, पुढे टोपली असलेली एक गाडी त्याने दुकानामागच्या बंद गल्लीत काढली.

"अंकल, एकदम सिंपल. हा उजवीकडचा लिव्हर दाबला की चालली, सोडला की थांबली. ब्रेक शोधायचाच नाही."

"कळलं," बाबा म्हणाले. अंबरनाथच्या कारखान्यात जन्मभर गिअरच्या स्कूटरवरून गेलेला माणूस. त्याला कोण काय शिकवणार!

सरळ गेले, छान गेले. माझा जीव भांड्यात पडतोय, तोच एका दारातून कुत्रं आडवं आलं. समोर काही आलं की मूठ आवळायची, हे त्यांच्या हाताला इतक्या वर्षांचं पाठ. त्यांनी आवळली. गाडी थांबायच्या ऐवजी पुढे उसळली.

"छोड दो, अंकल, छोड दो!" दुकानदार ओरडत धावला. तो जितका ओरडला, तितकी मूठ घट्ट झाली. कुत्रं पळालं. गाडी भिंतीशी रचलेल्या पुठ्ठ्याच्या खोक्यांत घुसली, तेव्हा कुठे दुकानदाराने चावी फिरवून ती बंद केली आणि मागे ओढली.

बाबांना लागलं नव्हतं. दुकानदार मला हळूच म्हणाला, "मॅडम, व्हीलचेअर घेऊन जा ना. मागून कोणीतरी ढकलेल." ते बाबांनी ऐकलं. त्यांचा चेहरा इतका उतरला की मला त्यांचाच राग आला.

"बघितलंत? कुत्र्याच्या जागी एखादं पोर असतं तर?"

"परत बसतो. हाताची सवय आहे, जाईल."

"सवय जाईपर्यंत कितीजणांना आडवं करणार?"

बाबा खाली बघत म्हणाले, "ती दाराकडे डोळे लावून असते गं."

माझं डोकंच फिरलं. तरातरा चालत गेले आणि गल्लीच्या मधोमध उभी राहिले.

"या. आणा माझ्या अंगावर."

"वेड लागलंय का तुला?"

"या म्हणते ना! दाबलात तर मी आडवी. सोडलंत तर गाडी घ्यायची."

"मॅडम, मेरी दुकान के पीछे नहीं," दुकानदार हात जोडायला लागला.

बाबा परत बसले, चावी फिरवून निघाले. वेग चालण्याइतकाच, तरी माझे पाय पळायला बघत होते. त्यांच्या तोंडाकडे मी बघितलंच नाही, फक्त उजव्या हाताकडे. जवळ आल्यावर बोटं आवळली. मला दिसलं. गाडीने झेप घेतली. किंचाळावंसं वाटलं, पण ओरडल्याने काय होतं ते आत्ताच बघितलं होतं. ओठ घट्ट मिटून उभी राहिले. फार भ्यायले होते मी.

त्यांनी पंजा एकदम उघडला, चटका बसल्यासारखा. टोपली माझ्या गुडघ्यांना टेकली आणि गाडी थांबली.

बाबा घामाघूम झाले होते. पंजा तसाच उघडा. माझ्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं.

"घेऊ," मी म्हणाले. "पण सुरुवातीला मी बरोबर चालत येणार."

"ये. पण मागून ये."

मी टोपली दोन्ही हातांनी धरून ठेवली होती. ते माझ्या हातांकडे बघत राहिले.

"आता तूही सोड," ते म्हणाले. "मला जाऊ दे."