काठांच्या नावाचे फोल्डर

नवा कॉम्प्युटर घरी आला तेव्हा जुन्यावरचे फोटो हलवायचं काम मी आपणहून अंगावर घेतलं. मी ऑफिसात दिवसभर फायली लावते, त्यामुळे घरात शहाणपण शिकवायचा मक्ता माझाच. वडगावच्या आमच्या घरात पुढच्या खोलीत साड्या विणायचा माग आणि मागच्या दोन खोल्यांत आम्ही. आप्पांनी, म्हणजे वडिलांनी, फोल्डरांना साड्यांची नावं दिली होती: गोमी काठ, रुईफूल काठ, हिरवा चौकडा. उघडलं तर आत आमचेच फोटो. रुईफुलात भावाचं लग्न, गोमीत माझी बारावी. मला हसूच आलं. सगळे फोल्डर मोडून मी फोटो तारखेप्रमाणे लावले आणि जुना कॉम्प्युटर पुसून नंदगडच्या आत्याकडे पाठवूनही दिला.

दुसऱ्या दिवशी आप्पा नव्या पडद्यासमोर बसून बराच वेळ नुसता माउस फिरवत राहिले.

“रुईफूल कुठं गेलं गं?”

“आप्पा, आता वर्षाप्रमाणं बघायचं.”

“वर्ष कुणाच्या ध्यानात ऱ्हातंय? मागावर काय व्हतं, ते ध्यानात ऱ्हातंय.”

आणि वर्षंही खोटीच निघाली. आमच्या कॅमेऱ्याचे सेल बदलले की तारीख परत मूळ जागी जायची, ती कधी कुणी लावलीच नव्हती. भावाचं लग्न आणि त्याच्या मुलीचं बारसं एकाच दिवशी पडलं होतं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आईला जाऊन तीन वर्षं झालीत, आणि तिचे सगळे फोटो मी त्या ढिगात ढकलले होते.

आप्पा चिडले नाहीत, त्याचाच जास्त त्रास झाला. ते एकेक फोटो बघू लागले. घरातल्या फोटोत मागे कुठेतरी माग दिसतोच. बाहेरचे फोटो आईच्या अंगावरच्या साडीवरून ओळखायचे, कारण नवा नमुना निघाला की पहिली साडी तिची. “ह्ये गोमी. ह्यो चौकडा, टाक तिकडं.” मी मुकाट्याने टाकत गेले. चार दिवस हेच चाललं.

शेवटी एक फोटो उरला. दवाखान्यातून आणलेली आई गाऊन घालून खुर्चीत बसलीय, मागे माग मोकळा.

“हा कुठल्या फोल्डरात होता?” मी विचारलं.

“कुठल्याच न्हाय. तवा माग बंद ठिवलता. तिच्याजवळ बसून हुतो.”

माग बंद का आहे, हे मी तेव्हा विचारलंही नव्हतं. सूत आलं नसेल असं धरून मी रोज ऑफिसला जात होते.