उपटलेली तीन रोपं

माझे सासरे बाळकुमचे. त्यांच्या शेतावर टॉवर उभे राहिले, तरी भात दिसला की हात शिवशिवतात. म्हणून परवानगी काढून त्यांना आमच्या प्रयोगशाळेतलं काचघर दाखवायला नेलं.

आत भाताच्या तीस कुंड्या होत्या. कडक उन्हानंतर ढग आला की पान अन्न बनवायला जरा उशिराच लागतं. तो उशीर टळावा म्हणून मी तीन रोपांची जनुकं बदललेली. कुठली तीन, ते फक्त माझ्या वहीत होतं.

फोन आला म्हणून मी बाहेर गेले. परत येते तर बाबांच्या हातात मुळांसकट तीन रोपं!

"बाबा, हे काय केलंत?" मी ओरडलेच.

"अगं, भेसळ होती. बाकीच्यांपेक्षा उंच, हिरवीगार. अशी आम्ही उपटूनच टाकायचो."

रागारागाने मी कुंड्यांचे नंबर वहीशी ताडले. माझीच तीन! महिनाभर मोजमापं घेऊनही मला जी खात्री नव्हती, ती त्यांनी एका नजरेत दिलेली. हसता हसता माझे डोळे भरून आले.

बाबांनी रोपं शांतपणे परत चिखलात खोचली. "रडतेस काय? भात आहे तो. उपटून लावल्याशिवाय कधी जोर धरतो का?"