दादाच्या लाउंजमधले मासे

माझ्या दादाने आयुष्यभर दुसऱ्यांना विमानात बसवलं आणि स्वतः एकदाही बसला नाही. एका ट्रॅव्हल कंपनीत तिकिटं काढायचं त्याचं काम, एकतीस वर्षं एकाच खुर्चीवर. खुर्चीचं रेक्झिन फाटलं तेव्हा मालकाने त्यावर चिकटपट्टी मारली. खुर्ची काही बदलली नाही, आणि दादाही नाही.

गिऱ्हाइकं बडी होती. बँका त्यांना कार्डाबरोबर विमानतळावरच्या लाउंजचे पास फुकट पाठवायच्या. लाउंज म्हणजे विमानाची वाट बघायची ऐसपैस, थंडगार खोली. या मंडळींना त्याचं काय अप्रूप! "ठेवा तुम्हालाच," म्हणत ते पास दादाच्या टेबलावर टाकून जायचे आणि दादा ते इंटरनेटवर विकायचा. पासाच्या मागे 'विक्रीसाठी नाही' असं छापलेलं असायचं. ते दाखवलं की म्हणायचा, "इतकं बारीक छापलंय, म्हणजे त्यांनाही ते कुणी वाचावं असं वाटत नसणार." वर स्वतःच हसायचा. त्याच्यापुढे डोकं आपटून काही उपयोग नव्हता.

प्रत्येक पासावर एक नंबर असतो. तो जो आधी दाखवेल तो आत, मागून येईल तो बाहेर. त्यामुळे जाहिरातीसाठी पासाचा फोटो काढताना दादा नंबरावर अंगठा ठेवायचा. दर फोटोत तोच जाडजूड अंगठा. गिऱ्हाइकं त्याला 'अंगठेवाले' म्हणायला लागली. वहिनी तर त्याला जेवायला हाक मारतानाही म्हणायची, "अहो अंगठेवाले, पानं वाढलीत!"

खालचा मजकूरही त्याचाच. 'मऊ सोफे, पाय लांब करून पडायची सोय, गरम सूप, आणि भिंतभर काचेच्या टाकीत रंगीबेरंगी मासे.'

"मासे कुठून आणलेस रे?" मी विचारलं.

"दातांच्या डॉक्टरकडे आहे की टाकी. चार खुर्च्यांच्या खोलीत असते, मग एवढ्या मोठ्या लाउंजमध्ये नसेल होय?"

"थापाड्या! लोक तक्रार करतील."

"फुकट सूप पिताना माशांची आठवण कुणाला येते गं?"

आणि खरंच, एकानेही तक्रार केली नाही. माशांची थाप आमच्या दोघांतच राहिली.

मग वहिनीच्या पाठीच्या मणक्याचं ऑपरेशन झालं. त्यातून ती उठते न उठते तोच माझ्या भाचीचे, म्हणजे दादाच्या मुलीचे दिवस भरत आले. ती राहते दूर देशात. जावई तिथे एकटा. वहिनीने हट्टच धरला, "मी जाणार. लेक बाळंत होताना आई नको का?" दादाला मालकाने रजा नाकारली. एकटीनेच जायचं ठरलं. विमानं दोन, आणि मध्ये नऊ तासांचा थांबा. डॉक्टरांनी बजावलं, "विमानात मधूनमधून उठून चाला. पण त्या नऊ तासांत आडवं व्हायलाच हवं. बसून राहिलात तर पाठीचं काही खरं नाही."

"त्यात काय एवढं!" दादाची छाती फुगली. "आपल्याकडे लाउंज आहे!"

सगळ्यांत चांगला पास त्याने वहिनीसाठी काढून ठेवला. निघायच्या आदल्या दिवशी तिला नवी साडी नेसायला लावली, पास हातात दिला आणि फोटो काढला. वहिनी लाजत होती, पण हसतही होती. दादाला इतका आनंद झाला होता की त्याने तो फोटो आपल्या जाहिरातीच्या पानावर टाकला. खाली लिहिलं, 'आमच्या घरच्यांसाठीही हाच पास.' एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच फोटोत त्याचा अंगठा नव्हता.

दुसऱ्या दिवशी दुपारी थांब्याच्या विमानतळावरून वहिनीचा फोन आला. मी दादाकडेच होते. त्याने फोन स्पीकरवर टाकला.

"पोचले हो. लाउंजमध्ये आहे."

"सोफा कसाय?"

"मऊ! पाय लांब करून पडलेय."

मागे कुणाचं तरी मूल रडत होतं.

"सूप घेतलंस?"

"घेतलं की. आणि अहो, मासे! काय सुंदर मासे आहेत! नारिंगी, निळे. नुसती बघत बसलेय."

मी दादाकडे बघितलं. त्याचा चेहरा खर्रकन उतरला होता.

"मोठे आहेत का गं?"

"एक तर वीतभर आहे."

"बघत बस मग," दादा म्हणाला. "घाई करू नकोस."

त्याने फोन टेबलावर उपडा ठेवला. मग म्हणाला, "बाहेर बसलीय ती."

आम्ही ते पान उघडलं. वहिनीच्या हातातल्या पासावरचा नंबर आकड्यान् आकडा वाचता येत होता. कुणीतरी तो उतरवून घेतला होता. मेल्याचं वाटोळं होवो, असं मी मोठ्याने म्हटलं. दादाने तो फोटो काढून टाकला, पान बंद केलं, आणि पुन्हा कधी पास विकला नाही.

वहिनी लेकीकडे पोचली ती थेट अंथरुणावर. नात झाली, पण तिला उभ्याने एकदाही घेता आलं नाही. परत आली तेव्हा हातात काठी होती, ती कायमची. आल्यागेल्याला मात्र लाउंज ऐकवायची आणि शेवटी हटकून मासे. दादा विचारायचा, "तो निळा केवढा होता गं?" ती हाताने वीत करून दाखवायची. माझा अगदी तिळपापड व्हायचा.

एकदा मी त्याला फैलावर घेतलं. "पुरे हे नाटक! तुला ठाऊक आहे, सांगून टाक की तिला."

"इतक्या मायेने पाळलेत तिने ते मासे," दादा म्हणाला. "मी कशाला मारू?"

या वर्षी वहिनी गेली. जायच्या चार दिवस आधी हॉस्पिटलमध्ये मी तिच्याजवळ बसले होते. दादा औषधं आणायला खाली गेला होता. तिने माझा हात धरला.

"वन्सं, मी त्या लाउंजमध्ये गेलेच नव्हते. दारातली मुलगी म्हणाली, नंबर आधीच कुणीतरी वापरलाय. समोर लोखंडी खुर्च्या होत्या. तिथेच नऊ तास काढले. काचेतून आतलं सगळं दिसत होतं."

"सगळं?"

"सोफे होते, सूप होतं. मासे तेवढे नव्हते." ती जरा हसली. "म्हटलं, यांना कळलं तर मेल्याहून मेल्यासारखं होईल. जन्मभर लोकांना खोटं सांगितलं म्हणून झुरत बसतील. म्हणून मासे आठवणीने सांगितले. यांना कधी संशय नाही ना आला?"

"छे!" मी म्हटलं. "त्याला कुठली एवढी अक्कल!"

तिला बरं वाटलं. तिने डोळे मिटले आणि मी खिडकीकडे तोंड करून रडले.

माझ्या तोंडात तीळ भिजत नाही, हे सगळ्या घराला माहीत आहे. पण हे मी कुणाला सांगितलं नाही. काल दादाकडे गेले होते. चहा पिता पिता तो म्हणाला, "बिचारी! बाहेर बसून माझ्या जाहिरातीवर विश्वास ठेवत होती गं. आत मासे असतील असं शेवटपर्यंत खरंच वाटलं तिला."

"हो रे," मी म्हटलं, आणि कप विसळायला आत गेले.