रोझाल्काच्या सपाता

मोस्त गावातल्या एका तयार खाण्याच्या दुकानात, मागच्या खोलीत उभी राहून योहाना पावाच्या कापांवर बटाट्याचं सॅलड लावायची. वर अंड्याची चकती, हॅमची गुंडाळी, काकडीचा काप. दिवसाला चारशे. हात थरथरला की चकती घसरते, आणि घसरलेला काप मालकीणबाई परत पाठवत. फेब्रुवारीत निम्मे परत यायचे, ऑगस्टात एकही नाही. आपण सुधारतोय याचा योहानाला पटणारा पुरावा एवढाच होता.

वय एकतीस. पुढचे दोन दात गेलेले, त्यामुळे हसताना हात आपोआप तोंडाशी जाई. सतराव्या वर्षी तिने पेर्विटिन या नशेची पांढरी पूड पहिल्यांदा नाकात ओढली ती रात्रभर नाचता यावं म्हणून. नाच लवकरच सुटला, पूड राहिली. लेक रोझाल्का चार वर्षांची असताना शेजारणीच्या दारात पाव मागताना सापडली, तेव्हा कोर्टाने तिला आजीकडे दिलं. आजी म्हणजे योहानाची आई द्राहोमीरा. तिने जन्मभर ट्राम चालवली होती, आणि बोलणंही तसंच: सरळ रुळावरून, समोर कोण उभं आहे ते न बघता.

आता अठ्ठावीस ऑगस्टला सुनावणी होती. उपचार केंद्राने 'सव्वीस आठवडे काही घेतलेलं नाही' असं लिहून दिलं, की रोझाल्का परत आईकडे येणार होती. एक सप्टेंबरला ती पहिलीत जाणार, आईचा हात धरून. वर्गात घालायच्या सपाता योहानाने आधीच आणून ठेवल्या होत्या. लाल, पट्ट्याच्या, तीस नंबर. त्यांना पिशवीही शिवली होती.

केंद्रात राहायचं नसे. मंगळवारी आणि गुरुवारी काम संपवून जायचं, दारात बूट काढून आपल्या सपाता चढवायच्या, लघवीची तपासणी द्यायची आणि गोल करून बोलत बसायचं. दाराजवळच्या मांडणीवर प्रत्येकाचा एक जोड असे. व्होयता नावाच्या सुताराच्या चॉकलेटी सपाता मार्चपासून तिथेच होत्या. व्होयता मार्चमध्ये गेला. त्या उचलायला कुणाचा हात धजत नव्हता.

एकवीस ऑगस्ट हा योहाना नावाचा दिवस. तिकडे प्रत्येक नावाचा एक दिवस कॅलेंडरात छापलेला असतो, त्यामुळे कुणी विसरत नाही. वाढदिवसाला बोलवावं लागतं, नावाच्या दिवशी कुणीही यावं. फुलं घेऊन आलेल्या माणसाला दारातून परत पाठवू नये, हे तिला आईनेच शिकवलं होतं. योहानाने फोनचा नंबर बदलला होता, घर बदललं होतं, जुन्या रस्त्यांनी जाणं सोडलं होतं. नाव तेवढं तेच राहिलं होतं.

संध्याकाळी बेल वाजली. दारात लुबोश, पूर्वी तिला पूड पुरवणारा. हातात तीन जर्बेरा.

"शुभेच्छा, योहान्को! काय गं, दारातच उभं करणार?"

"पत्ता कुणी दिला तुला?"

"मोस्त म्हणजे काय समुद्र आहे? कॉफी पाज, लगेच निघतो. फुलं तरी घे, माना टाकतील बिचारी."

तिने फुलं घेतली. त्याने शहाण्या मुलासारखे बूट काढून भिंतीशी लावले, कॉफी प्यायली, हवापाण्याचं बोलला आणि खरोखरच लगेच निघाला. बशी उचलली तेव्हा खाली कागदाची पुडी होती.

पाऊण तास ती पुडीकडे बघत बसली. केंद्रात शिकवलेलं सगळं तिला पाठ होतं. फोन करावा, बाहेर पडावं, तोंडावर गार पाणी मारावं. तिने पाणी मारलंही. मग तोंड नीट पुसलं आणि पुडी उघडली.

दुसऱ्या दिवशी, शनिवारी दुपारी, नेहमीच्या भेटीसाठी द्राहोमीराने रोझाल्काला खालूनच लिफ्टमध्ये चढवून दिलं आणि ती परत गेली. योहाना रात्रभर जागीच होती. न्हाणीघरातल्या फरशांच्या फटी दात घासायच्या ब्रशने घासत ती लेकीशी बोलत होती, शाळेबद्दल, बाईंबद्दल, पडद्यांबद्दल. रोझाल्का उंबऱ्यावर गुडघे जवळ घेऊन बसली होती.

"आई," ती म्हणाली, "तू परत भराभर बोलतेयस."

ब्रश थांबला.

"मी आजीला नाही सांगणार," रोझाल्का हळूच म्हणाली, आणि उठून तिने बाहेरचं दार लावलेलं आहे ना ते पाहिलं.

मंगळवारी केंद्रात तपासणीच्या पट्टीवर काही उमटलं नाही. चार दिवसांत अंगातून सगळं निघून गेलं होतं. केंद्रातल्या समुपदेशक व्रानोवाबाईंनी कोर्टाचा कागद पुढे ओढला. या बाई सल्ला कमी देत आणि पेन्सिली फार हरवत.

"सव्वीस आठवडे! योहानाबाई, हे लिहिताना मला किती बरं वाटतंय, सांगू? आणि मागचा आठवडा कसा गेला?"

योहानाने मांडणीवरच्या चॉकलेटी सपातांकडे पाहिलं. 'छान गेला' एवढंच म्हणायचं होतं. पण सहा वर्षांची पोर दाराची कडी तपासून आली होती, आणि ते डोळ्यांपुढून हलत नव्हतं.

"शुक्रवारी घेतली मी," ती म्हणाली.

बाईंची पेन्सिल थांबली. "पट्टी स्वच्छ आहे."

"पट्टीला कुणी सांगितलं नाही. माझ्या मुलीला माहीत आहे."

बाईंनी पेन्सिल खाली ठेवली. "मला हे लिहावं लागेल."

"लिहा."

शुक्रवारी न्यायाधीशबाईंनी निकाल सहा महिने पुढे ढकलला. कोर्टाच्या पायऱ्यांवर द्राहोमीरा कडाडली, "पट्टी स्वच्छ होती म्हणे! आणि हिला तोंड उघडायची घाई. चौदा वर्षं खोटं बोललीस, आणखी एक बोलली असतीस तर तुझी जीभ झडली असती का?" मग रुमालात नाक शिंकरून म्हणाली, "मंगळवारी शाळेत ये. आठ वाजता. उशीर केलास तर थांबणार नाही."

योहाना साडेसातलाच शाळेच्या फाटकापाशी उभी होती. आठला द्राहोमीरा रोझाल्काला घेऊन आली. कपडे बदलायच्या खोलीत ती खाली बसली आणि लेकीच्या पायात लाल सपाता चढवू लागली. उजवी घट्ट बसली. उन्हाळ्यात पाय वाढला होता.

"आवळतंय?"

"थोडंसं." रोझाल्का तिच्या कानाशी वाकली. "आई, मी कुणालाच नाही सांगितलं हं."

"मी सांगितलं, राणी," योहाना म्हणाली. "सगळ्यांना सांगितलं. आता तुला ते मनात जपून ठेवायला नको."

रोझाल्काने तिच्याकडे नीट पाहिलं, खरं की खोटं ते तपासावं तसं. "म्हणून मी अजून आजीकडे?"

"हो. म्हणून."

मुलीचं तोंड वेडंवाकडं झालं, पण ती रडली नाही. आजीचा हात धरून वर्गाकडे गेली. योहानाने रिकामी पिशवी खुंटीला अडकवली, मुलीचे बूट तिच्याखाली जोडून ठेवले आणि कामाला निघाली. त्या दिवशी बारा काप परत आले.